माणसातला रेबीज कुत्र्यातच का थांबवावा लागतो?

कुत्रा चावल्याची मोठी बातमी आली की पुढचे काही दिवस दोनच प्रश्न ऐकू येतात. दवाखान्यात लस होती की नव्हती? आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचं करायचं काय? दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण रेबीजमुळे होणारा मृत्यू जिथे सगळ्यात आधी आणि सगळ्यात खात्रीने टाळता येतो, तिथे काम करणारी माणसं या चर्चेत सहसा नसतात. पशुवैद्य, त्यांचे सहायक, कुत्रे धरायला शिकलेले कर्मचारी, लसींचा थंड डबा सांभाळणारा ड्रायव्हर, नोंदी ठेवणारे स्वयंसेवक. या सगळ्यांना मिळून मी इथे पशुवैद्यकीय पथक म्हणणार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं मरतात, त्यातली बहुसंख्य आशिया आणि आफ्रिकेत. संशयित पिसाळलेल्या जनावराने चावा घेतलेल्या दर दहा जणांपैकी चार जण पंधरा वर्षांखालची मुलं असतात. आणि माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी तब्बल ९९ टक्के कुत्र्याकडून येतो. हा विषाणू वटवाघळांत असतो, कोल्ह्यांत असतो, मुंगसांतही असतो. तरीही ज्या देशांनी कुत्र्यांमधला रेबीज संपवला, तिथे माणसांचे मृत्यू जवळजवळ थांबले. त्यामुळे माणसाच्या आजाराची गुरुकिल्ली माणसाच्या डॉक्टरकडे कमी आणि जनावरांच्या डॉक्टरकडे जास्त आहे. हे नीट समजायला आधी विषाणूचा प्रवास पाहू.

## चाव्यापासून मेंदूपर्यंत

रेबीजचा विषाणू लाळेत असतो. चाव्यातून तो स्नायूत उतरतो आणि जवळच्या मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतो. रक्तातून तो पसरत नाही. मज्जातंतूच्या आतून तो हळूहळू मज्जारज्जूकडे आणि तिथून मेंदूकडे सरकतो. हा प्रवास माणसात साधारण एक ते तीन महिने चालतो. कधी आठवड्याभरात संपतो, तर क्वचित वर्षाहून जास्त लागतं. चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर असेल तर अंतर कमी, म्हणून धोका लवकर. लहान मुलांची उंची कमी असल्याने त्यांना असे चावे जास्त बसतात.

या प्रवासात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा जवळजवळ बेसावध असते, कारण मज्जातंतूच्या आत दडलेला विषाणू तिला दिसत नाही. मेंदूत पोचल्यावर विषाणू झपाट्याने वाढतो आणि मग उलट दिशेने, पुन्हा मज्जातंतूंमधूनच, लाळग्रंथींमध्ये उतरतो. एकदा लक्षणं सुरू झाली की मृत्यू जवळजवळ अटळ. वाचल्याची जगभरात मोजकी उदाहरणं आहेत. त्यांच्या जोरावर कुणी भरवशाचा उपचार उभा करू शकलेलं नाही.

विषाणू आधी मेंदूत जातो आणि मगच लाळेत येतो, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे बरेच नियम आपोआप कळतात. चावल्यानंतरही लस उपयोगी का पडते? कारण विषाणू मेंदूत पोचायच्या आत शरीराला प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, तयार करायला वेळ मिळतो. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर का ठेवायची? कारण ज्याच्या लाळेत विषाणू आहे त्याचा मेंदू आधीच बाधित झालेला असतो, आणि असा कुत्रा दहा दिवसांत आजारी पडून मरतोच. तपासणीसाठी मेंदूचाच नमुना का लागतो? त्याचं उत्तरही हेच.

## माणसासाठी लस आहे, मग कुत्र्यांच्या मागे कशाला लागायचं?

हा आक्षेप रास्त वाटतो. चावल्यानंतर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुतली, लगेच लस सुरू केली, आणि त्वचा फाटून जखम झाली असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही दिलं, तर रेबीज टळतो. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडं. लसीने शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवायला आठवडा ते दोन आठवडे घेतं. तोवर जखमेतल्या विषाणूला जागच्या जागी अडवण्यासाठी ही तयार प्रतिपिंडं जखमेत आणि तिच्याभोवती टोचतात. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचे दिवस कधीच गेले. आता लस दंडात देतात आणि डोसही कमी लागतात.

अडचण अशी की माणसाला टोचलेली लस कुत्र्यांमधल्या विषाणूला धक्काही लावत नाही. शंभर माणसांवर उपचार झाले तरी विषाणू कुत्र्यांत फिरतच राहतो, आणि पुढच्या महिन्यात नवी शंभर माणसं दवाखान्याच्या दारात उभी राहतात. इम्युनोग्लोब्युलिन महाग असतं आणि अनेक ठिकाणी मिळतच नाही. दवाखाना दूर असतो. मूल घाबरून चावा लपवतं. ओरखडाच तर आहे म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. या साखळीतली एक कडी निसटली तरी माणूस जातो. कुत्र्याला वेळेवर टोचलेली एक लस ही सगळी साखळीच अनावश्यक करते.

## सत्तर टक्के हा आकडा आला कुठून?

कुत्र्यांचं लसीकरण म्हटलं की सत्तर टक्के हे शब्द ऐकू येतातच. यामागचं गणित समजलं की पथकाला वर्षागणिक पुन्हा पुन्हा त्याच गल्लीत का यावं लागतं ते कळतं.

एक गोवराचा रुग्ण, आसपास कुणालाच लस नसेल, तर बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. रेबीज त्या मानाने फारच संथ आहे. एक पिसाळलेला कुत्रा मरण्यापूर्वी सरासरी एक ते दोन कुत्र्यांना लागण करतो, बहुतेक ठिकाणी दोनपेक्षा एकच्या जास्त जवळ. म्हणजे दर दोन कुत्र्यांपैकी एक जरी सुरक्षित असेल तरी साखळी तुटायला हवी. मग पन्नास टक्के पुरेसे का नाहीत?

कारण कुत्र्यांची संख्या म्हणजे तळाला भोक असलेली पाण्याची टाकी आहे. आज भरली तरी उद्यापासून पातळी उतरायला लागते. रस्त्यावरच्या कुत्र्यांचं आयुष्य तोकडं असतं. लस घेतलेले कुत्रे मरतात, त्यांच्या जागी लस नसलेली पिल्लं येतात. समजा एखाद्या वस्तीत १००० कुत्रे आहेत, वर्षभरात दर दहांतले चार मरतात आणि तेवढीच नवी पिल्लं वाढतात. मोहिमेच्या दिवशी ७०० कुत्र्यांना लस दिली, तर वर्षअखेरीस त्यातले ४२० उरतील. बेचाळीस टक्के. साखळी तुटलेली राहायला बहुतेक ठिकाणी हे पुरतं. पण सुरुवातच ४०० पासून केली असेल तर वर्षाच्या शेवटी २४० राहतील, आणि चोवीस टक्क्यांवर विषाणूला पुन्हा वाट सापडू शकते. सत्तर टक्के म्हणजे पुढच्या मोहिमेपर्यंत टाकी धोक्याच्या खुणेखाली जाऊ नये म्हणून ठेवलेली शिल्लक.

इथून दोन गोष्टी निघतात. मोहीम थोड्या दिवसांत, सगळीकडे एकाच वेळी आणि दरवर्षी झाली पाहिजे. वर्षभर रमतगमत केलेल्या लसीकरणाची बेरीज कागदावर मोठी दिसते, पण कुठल्याही एका दिवशी पातळी खालीच असते. दुसरी गोष्ट म्हणजे सरासरी फसवते. पूर्ण शहराचे सत्तर टक्के झाले आणि एका टोकाची वस्ती पूर्ण राहिली, तर विषाणू त्या वस्तीत तग धरतो आणि पुन्हा बाहेर येतो. माझ्या मते कुठल्याही मोहिमेचं यश तिने किती डोस दिले यावरून ठरवू नये. कुठला कोपरा राहिला, हे आधी विचारावं.

## मोहिमेच्या दिवशी पथक काय करतं?

पाळीव कुत्र्यांसाठी एखाद्या मोकळ्या जागी शिबिर लावता येतं. मालक साखळी धरून कुत्रा आणतात, तासाभरात मोठी रांग निकाली निघते. पण शिबिराला येतात ते मालक मुळातच जागरूक असतात. मालकाचं न ऐकणारा, साखळीची सवय नसलेला कुत्रा घरीच राहतो. म्हणून पथक दारोदार फिरतं. आणि ज्या कुत्र्यांचा धड कुणी मालक नाही, त्यांना हाताने किंवा जाळीने धरून, टोचून, जागच्या जागी सोडतं. या कामाला कौशल्य लागतं. आरडाओरडा करून, फासात अडकवून, फरपटत धरलेला कुत्रा पुढच्या वर्षी गाडी पाहताच पळून जातो आणि त्याच्याबरोबर त्या गल्लीची टक्केवारीही जाते. शांतपणे केलेली धरपकड ही कुत्र्यावरची दया तर आहेच, शिवाय तीच पुढच्या वर्षीची तयारी आहे.

टोचून झालेल्या कुत्र्याच्या अंगावर काही दिवस टिकणाऱ्या रंगाची खूण करतात किंवा गळ्यात पट्टा घालतात. लगेच पुढे त्याच रस्त्यांवरून दुसरे कर्मचारी फिरतात आणि खूण असलेले किती, नसलेले किती हे मोजतात. शंभर कुत्रे दिसले आणि पंचावन्नांवर खूण असली तर त्या भागात पुन्हा जायचं. ही मोजणी कंटाळवाणी असते आणि पैसे कमी पडले की सगळ्यात आधी तिलाच कात्री लागते. ते चूक आहे. मोजणी नसेल तर आपण सत्तर टक्क्यांवर आहोत की चाळीसवर, हे कळायला दुसरा मार्ग उरत नाही.

पिल्लांचा प्रश्न नेहमी निघतो. तीन महिन्यांखालच्या पिल्लाला आईकडून आलेली प्रतिपिंडं असतात, त्यामुळे लस लागू पडत नाही, असं अनेक वर्षं मानलं जाई आणि मोहिमेत पिल्लं वगळली जात. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की सामूहिक मोहिमेत तीन महिन्यांखालची पिल्लंही टोचा. कारण उघड आहे: मुलांच्या हातात सगळ्यात जास्त पिल्लंच असतात आणि पुढच्या मोहिमेपर्यंत तीच मोठी होऊन रस्त्यावर फिरणार असतात.

लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. याला शीतसाखळी म्हणतात: कारखान्यापासून सुईपर्यंत थंडपणा तुटू द्यायचा नाही. उन्हात उभ्या गाडीत विसरलेल्या डब्यातली लस टोचली तर नोंद लसीकरणाची होते, संरक्षण मात्र मिळेलच असं नाही.

## कुत्रे मारून टाकले तर?

भीती दाटून आली की हा उपाय सुचतो, आणि सुचवणाऱ्याच्या घरातलं मूल जखमी झालेलं असेल तर त्याचा संताप मला समजतो. पण हा उपाय करून पाहिलेला आहे. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर १९९७ मध्ये मासेमारीच्या बोटीतून आलेल्या कुत्र्यांबरोबर रेबीज शिरला. तिथे मोठ्या प्रमाणावर कुत्रे मारले गेले. रेबीज तरीही बेटावर टिकून राहिला. २००८ मध्ये बालीत साथ सुरू झाली तेव्हाही सुरुवातीला कुत्रे मारण्यावर भर होता आणि साथ पसरत गेली. २०१० नंतर बेटभर लसीकरणाच्या फेऱ्या झाल्या तेव्हा कुत्र्यांतले आणि माणसांतले रुग्ण उतरले.

असं का होतं? मारण्याच्या मोहिमेत आधी सापडतात ते माणसांजवळ येणारे, धीट कुत्रे. नेमके तेच लस घेतलेले असण्याची शक्यता जास्त. टाकीतलं असलेलं पाणीच आपण ओतून देतो. मालक आपले कुत्रे लपवतात किंवा दुसऱ्या गावी पाठवतात, आणि पोटात आजार घेऊन फिरणारा एखादा कुत्रा नव्या ठिकाणी पोचतो. रिकाम्या झालेल्या जागेत लस नसलेले तरुण कुत्रे शिरतात. आणि लोकांचा पथकावरचा विश्वास उडतो. पुढच्या वर्षी लस घेऊन गाडी आली तरी दारं बंद.

ज्या कुत्र्याला रेबीजची लक्षणं दिसतात त्याची गोष्ट वेगळी. त्याला वाचवता येत नाही, त्याला वेदनारहित मृत्यू देणं हेच योग्य, आणि ते काम पशुवैद्याचं आहे, जमावाचं नाही.

## आणि नसबंदी?

नसबंदीने नवी पिल्लं कमी जन्मतात, टाकीचं भोक लहान होतं, एकदा गाठलेली पातळी जास्त काळ टिकते. प्राण्यांचं आरोग्यही सुधारतं. पण नसबंदीने विषाणू अडत नाही. नसबंदी केलेला आणि लस न दिलेला कुत्रा पिसाळू शकतो. शस्त्रक्रियेला वेळ आणि मनुष्यबळ खूप लागतं, म्हणून सगळा पैसा तिथे घालून लसीकरण मागे ठेवणं परवडणारं नाही. शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या प्रत्येक कुत्र्याला लस द्यायची, हे मात्र सोपं आहे आणि ते झालंच पाहिजे.

## दवाखान्यात येणारा संशयित रुग्ण

आता मोहिमेतून रोजच्या दवाखान्याकडे येऊ, कारण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे.

पिसाळलेला कुत्रा म्हणजे तोंडाला फेस, अंगावर धावणारा, पाण्याला घाबरणारा, असं चित्र आपल्या डोक्यात पक्कं आहे. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण. कुत्र्यात ते दिसत नाही. आणि प्रत्येक बाधित कुत्रा आक्रमकही होत नाही. एका प्रकारात तो खरोखर सैरभैर होतो, दिसेल त्याला चावतो, दगडं-लाकडं चघळतो, भुंकण्याचा आवाज बदलतो. दुसऱ्या प्रकारात तो गुपचूप अंधाऱ्या कोपऱ्यात पडून राहतो, जबडा लोंबकळतो, गिळता येत नाही म्हणून लाळ गळते, मागचे पाय ओढत चालतो. हा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. मालकाला वाटतं घशात हाड अडकलंय. तो तोंडात हात घालतो. गाई-म्हशींतही असंच होतं: जनावर विचित्र आवाजात हंबरतं, चारा गिळत नाही, लाळ गाळतं, आणि काहीतरी अडकलंय समजून माणूस हात घालतो. अनेकदा तो माणूस पशुवैद्य किंवा त्याचा सहायकच असतो.

म्हणून पथकातल्या प्रत्येकाच्या अंगवळणी काही प्रश्न पडलेले असावेत. वागणं कधीपासून बदललं? गेल्या काही महिन्यांत दुसऱ्या कुत्र्याशी झटापट झाली होती? रेबीजची लस कधी दिली, नोंद आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: गेल्या दहा दिवसांत याने कुणाला चावलंय, कुणाची जखम चाटली आहे, याच्या तोंडात कुणी हात घातला? हा शेवटचा प्रश्न विचारला म्हणूनच एखाद्या घरातल्या आजी, मूल, गोठ्यातला गडी उपचारापर्यंत पोचतात. प्राण्याचा इलाज करायला बसलेला पशुवैद्य त्या क्षणी माणसाचा जीव वाचवत असतो. लाळ धडधाकट कातडीवर पडली तर ती धुणं पुरतं, पण जखमेत, डोळ्यात किंवा तोंडात गेली असेल तर लगेच मानवी दवाखान्यात पाठवायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

## दहा दिवसांचा नियम आणि त्याचा चुकीचा अर्थ

कुत्रा किंवा मांजर चावलं आणि तो प्राणी धडधाकट दिसत असेल, तर दहा दिवस बांधून किंवा कोंडून त्यावर लक्ष ठेवतात. दहाव्या दिवशी प्राणी ठणठणीत असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, हे नक्की झालं. यामागचं कारण वर आलंच आहे.

यातून लोक एक घातक निष्कर्ष काढतात: आधी दहा दिवस वाट पाहू, मग लस घ्यायची का ते ठरवू. असं अजिबात करू नये. जखम धुणं आणि लस त्याच दिवशी सुरू करायची. दहा दिवसांनी कुत्रा निरोगी राहिला तर डॉक्टर उरलेले डोस थांबवू शकतात. कुत्रा पळून गेला, सापडलाच नाही, किंवा मरण पावला आणि तपासणी झाली नाही, तर उपचार पूर्ण करायचे. आणि हा नियम रानटी प्राण्यांना लागू नाही.

इथे पशुवैद्यकीय पथक आणि मानवी दवाखाना यांच्यात फोनवर बोलणं होत असेल तर खूप काही बदलतं. चाव्याची नोंद दवाखान्यात होते, ती पथकाला कळते, पथक कुत्र्याचा शोध घेतं, त्याला तपासतं, शेजारी आणखी कुणाला तो चावलाय का विचारतं आणि निष्कर्ष डॉक्टरला कळवतं. कुत्रा निरोगी निघाला तर दुर्मीळ लस वाचते. संशयित निघाला तर ज्यांनी दवाखान्याची पायरीच चढली नव्हती असे चार जण सापडतात. चावलेल्या माणसापासून कुत्र्यापर्यंत आणि कुत्र्यापासून उरलेल्या माणसांपर्यंत जाण्याच्या या पद्धतीला चाव्यांचं एकत्रित व्यवस्थापन म्हणतात. नाव जड आहे. काम मात्र दोन खात्यांनी एकमेकांचे नंबर जवळ ठेवण्यापासून सुरू होतं.

## डोक्यावर मारू नका

चावलेला कुत्रा जमावाने ठेचून मारला की दोन गोष्टी हातच्या जातात. दहा दिवस लक्ष ठेवण्याची सोय संपते. आणि घाव डोक्यावर बसले असतील तर मेंदूचा नमुनाही नासतो. रेबीज होता की नाही हे मग कधीच कळत नाही.

खात्रीची तपासणी मेंदूच्या ऊतींवर होते. विषाणूला चिकटणारी, चमकणारा रंग लावलेली प्रतिपिंडं वापरून सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसतो का ते पाहतात. नमुना मेंदूच्या बुंध्यातून आणि लहान मेंदूतून घेतात. कवटी न फोडता, कवटीला मान जोडलेली असते तिथल्या मोठ्या छिद्रातून नळी घालूनही तो काढता येतो, त्यामुळे छोट्या ठिकाणच्या पथकालाही हे जमतं. नमुना थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोचवायचा.

मेलेल्या कुत्र्याची तपासणी करून उपयोग काय, असं अनेकांना वाटतं. उपयोग असा की तपासणी झाली नाही तर नोंद होत नाही, नोंद नाही म्हणून आमच्याकडे रेबीज नाही असं कागद सांगतात, आणि कागद तसं सांगतात म्हणून लसींना पैसा मंजूर होत नाही. गरीब देशांत हा आजार इतकी वर्षं मागे पडून राहिला त्याचं हे एक मोठं कारण आहे. पथकाने पाठवलेला प्रत्येक नमुना, होकारार्थी असो वा नकारार्थी, हे चक्र तोडतो.

## पथकाला कोण सांभाळणार?

जो माणूस रोज कुत्रे धरतो त्याने स्वतः आधी लस घेतलेली असलीच पाहिजे. चावा बसण्याआधी घेतलेल्या या लसीचे दोन डोस, आठवड्याच्या अंतराने, पुरतात अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ पासूनची शिफारस आहे. पुढे खरोखर चावा बसला तर जखम धुऊन आणखी दोन डोस घ्यायचे, पहिल्या आणि चौथ्या दिवशी. इम्युनोग्लोब्युलिनची गरज राहत नाही, आणि जिथे ते मिळतच नाही तिथे हा फरक जीवनमरणाचा आहे. सतत धोका असणाऱ्यांची प्रतिपिंडं रक्त तपासून मधूनमधून मोजावीत.

अनेक ठिकाणी पशुवैद्याला ही लस मिळते, पण सफाई कर्मचारी, पिंजरे धुणारा, ड्रायव्हर, शिकाऊ विद्यार्थी यांना विसरलं जातं. दात मात्र पद पाहून बसत नाहीत. पथकप्रमुखाने मोहिमेची तारीख ठरवण्याआधी ही यादी पाहावी. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, हाताशी साबण आणि पाणी, ही तयारीही त्यातच आली.

## आमचं कुत्रं घराबाहेर जातच नाही

असं अनेक मालक म्हणतात. पण दार उघडं राहतं, वटवाघूळ घरात शिरतं, दवाखान्यात नेताना दुसरा कुत्रा भेटतो. लस घेतलेल्या पाळीव कुत्र्याला संशयित कुत्र्याने चावलं तर पुन्हा एक डोस देऊन नजर ठेवता येते. लस नसलेल्या कुत्र्याच्या मालकासमोर मात्र अनेक महिने त्याला अलग ठेवणं किंवा गमावणं, एवढेच पर्याय उरतात. ही निवड करायला लागलेलं कुटुंब पाहणं पथकासाठीही फार जड असतं. पहिल्या लसीनंतर वर्षाने पुढचा डोस, आणि त्यानंतर लसीच्या प्रकाराप्रमाणे दर वर्षी किंवा तीन वर्षांनी. मांजरांनाही हेच लागू.

## हे खरंच संपतं का?

जपानने १९५७ पासून रेबीज आपल्या भूमीवर राहू दिलेला नाही. मेक्सिकोत १९९० मध्ये कुत्र्यांमुळे रेबीज होऊन ६० माणसं दगावली होती. त्या वर्षापासून मोफत सामूहिक लसीकरण सुरू झालं. १९९९ मध्ये ३ रुग्ण, २००६ मध्ये शेवटचे २, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अधिकृत मोहोर उठवली. गोव्यात २०१३ ते २०१९ या काळात दारोदार आणि रस्त्यावर केलेलं लसीकरण, शाळांमधून दिलेलं शिक्षण आणि संशयित कुत्र्यांचा शोध या तिन्ही गोष्टी एकत्र चालवल्या. दर महिन्याला सापडणारे बाधित कुत्रे ९२ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटना, जागतिक पशुआरोग्य संघटना आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारे माणसांचे मृत्यू शून्यावर आणायचं ठरवलं आहे.

जे कुत्रे हाताला लागतच नाहीत त्यांच्यासाठी खाण्यातून द्यायची लस आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ मध्ये कोंबडीच्या डोक्यांत लस घालून ती कोल्ह्यांसाठी रानात टाकली होती, आणि त्याच मार्गाने पश्चिम युरोपातल्या कोल्ह्यांमधला रेबीज जवळजवळ संपला. कुत्र्यांसाठी हा उपाय सुईला जोड म्हणून वापरायचा आहे, सुईच्या जागी नाही.

शेवटचा रुग्ण सापडून वर्ष-दोन वर्षं झाली की खर्च थांबवण्याची भाषा सुरू होते. फ्लोरेसमध्ये विषाणू एका बोटीतून आला होता. शेजारच्या प्रदेशात रेबीज असेपर्यंत लसीकरण चालू ठेवावं लागतं. आणि ते कमी करायचं ठरलं तरी दवाखान्यात आलेल्या प्रत्येक लाळ गाळणाऱ्या कुत्र्याबद्दल, गेल्या दहा दिवसांत याने कुणाला चावलंय, हा प्रश्न विचारणं आणि मेलेल्या संशयित कुत्र्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणं बंद करता येत नाही.